बॉयलर बंद होईना : दोन मोटर व्हॉल्व्ह आणि एक खोटी वर्दी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी साडेआठला माझ्या भाचीचा फोन आला. नागपुरातले साडेआठ म्हणजे इंग्लंडातल्या लीड्सला पहाटेचे तीन, त्यामुळे फोन उचलतानाच काळजी वाटली. ‘‘मामा, सगळं बंद आहे, तरी बॉयलर चालूनच राहिला. रेडिएटर थंडगार पडलेत आणि नळाच्या पाण्यानं हात पोळला. काहून, ते समजून नाही राहिलं.’’ घरात दोन वर्षांचे मूल आहे, हे मला ठाऊक होते. भिंतीवरचा हीटिंगचा मुख्य स्विच बंद कर, न्हाणीघराचे दार लावून घे आणि टाकीतले पाणी अजून कित्येक तास तसेच तापलेले राहील हे लक्षात ठेव, एवढे सांगून बाकीचे बोलणे तिच्या सकाळवर ढकलले.

बॉयलर चालू, रेडिएटर गार आणि नळाचे पाणी पोळणारे, ही तीन लक्षणे एकाच वेळी का दिसली, याचा शोध म्हणजे हे प्रकरण होय. नागपूरजवळच्या एका औष्णिक वीजकेंद्रात कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशन विभागात मी ३१ वर्षे काम केले. मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह, ते उघडले की मिटले हे कळवणारे त्यांचे लिमिट स्विच आणि कंट्रोल रूममधले त्यांचे तांबडे-हिरवे दिवे हाच माझा रोजचा व्यवहार होता. घरगुती हीटिंगचा अनुभव मला नव्हता. परंतु निदानाची रीत तीच निघाली, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवत आहे. आपल्या शहरातल्या अनेक घरांतली मुले थंड देशांत राहतात आणि असा फोन कोणालाही येऊ शकतो.

घरातली रचना

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांवर उतरले होते, तरी आपण स्वेटर, शेकोटी आणि गिझर यांवर वेळ निभावून नेली. घरच तापवण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणून ती थोडी समजावून सांगणे आवश्यक आहे. भाचीच्या घरी स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा एक बॉयलर आहे. त्यात तापलेले पाणी पंपाच्या जोरावर वरच्या मजल्यावरच्या एका कपाटात येते आणि तिथे त्या नळीला दोन फाटे फुटतात. एक फाटा खोल्याखोल्यांतल्या, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरांकडे जातो. दुसरा फाटा तांब्याच्या मोठ्या टाकीतल्या गुंडाळीतून फिरून परत येतो. नळाला येणारे पाणी या टाकीतले असते. गुंडाळीतले पाणी आणि टाकीतले पाणी कधीही एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. माळ्यावर एक छोटी टाकी असते आणि ती बॉल कॉकच्या साहाय्याने बॉयलरच्या फेऱ्यातले पाणी भरलेले ठेवते. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तोच हा बॉल कॉक.

दोन्ही फाट्यांवर २२ मिलिमीटरचा एकेक मोटर व्हॉल्व्ह बसवलेला आहे. या दोन व्हॉल्व्हच्या मांडणीला तिकडे ‘एस-प्लॅन’ म्हणतात. तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह असलेली दुसरीही मांडणी प्रचलित आहे, पण तिचे तारकाम पूर्णपणे वेगळे असते आणि इथले निदान तिला जसेच्या तसे लागू होत नाही.

आता या प्रकरणाचा कणा सांगतो. खोलीतला थर्मोस्टॅट बॉयलरला थेट हुकूम देत नाही. टायमरने परवानगी दिली आणि थर्मोस्टॅटला खोली गार वाटली, की वीज जाते ती व्हॉल्व्हच्या मोटरकडे. मोटर व्हॉल्व्ह उघडते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर आतला एक चिमुकला मायक्रोस्विच दाबला जातो, आणि त्या स्विचमधून निघालेली वीज बॉयलर व पंप सुरू करते. म्हणजे मोटर काम करते आणि मायक्रोस्विच ते काम झाल्याची वर्दी देतो. बॉयलर फक्त वर्दी ऐकतो. व्हॉल्व्ह खरोखर उघडा आहे की नाही, हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

व्हॉल्व्हमधून पाच तारा निघतात. हिरवी-पिवळी अर्थिंगची, निळी न्यूट्रलची, तपकिरी मोटरला चालू करणारी, राखाडी म्हणजे मायक्रोस्विचला सदैव मिळणारा फेज, आणि नारिंगी म्हणजे त्या स्विचमधून बॉयलर व पंपाकडे जाणारी वर्दीची तार. आपल्याकडच्या वायरमनांनी इथे दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवाव्यात. आपल्या तीन फेजच्या तारकामात निळी तार हा फेज असतो, तिथे निळी म्हणजे न्यूट्रल. आणि टायमर, थर्मोस्टॅट सगळे बंद केले तरी राखाडी तारेत वीज असतेच. ‘हीटिंग बंद आहे’ एवढ्या विश्वासावर व्हॉल्व्हचे झाकण उघडणाऱ्याला धक्का बसतो तो हिचाच.

आत असते ती मोटर कोणती, हे भाचीला आणि जावयांना दाखवण्यासाठी मी आमच्या कूलरच्या झडपा डावी-उजवीकडे हलवणारी स्विंग मोटर काढून कॅमेऱ्यासमोर धरली. खसाच्या ताट्या उन्हाळा संपताच उतरवून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे मोटर हाताशी आली. सुपारीच्या डबीएवढी चपटी, काही वॅटची, पोटात बारीक गिअरांची माळ असलेली ही सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीवर जिचा वेग ठरतो ती. आपल्याकडे आणि तिकडे विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच असल्यामुळे दोन्हींची जातकुळी एक आहे. व्हॉल्व्हमध्ये तिच्या जोडीला एक दणकट स्प्रिंग असते. वीज मिळाली की मोटर स्प्रिंगविरुद्ध जोर लावून व्हॉल्व्ह उघडते आणि वीज असेपर्यंत त्याच जागी अडून उभी राहते. वीज गेली की स्प्रिंग व्हॉल्व्ह आपोआप मिटवते. अडून राहिल्याने ही मोटर जळत नाही, ती त्यासाठीच बनवलेली असते. मात्र ती सतत कोमट राहते, आणि अशा कपाटात, तापलेल्या नळ्यांच्या शेजारी, तिचे आयुष्य त्या उष्णतेतच झिजते.

आधी काय घडले होते

व्हॉल्व्हच्या डबीवर एक छोटी दांडी असते. ती खाचेत अडकवली की व्हॉल्व्ह हाताने अर्धवट उघडा ठेवता येतो. फेऱ्यात नवे पाणी भरताना दोन्ही फाट्यांतून ते नीट जावे आणि हवा बाहेर पडावी, यासाठी ही सोय केलेली आहे.

दीड वर्षापूर्वी भाचीकडे नळाला गरम पाणी येणे बंद झाले होते. त्या वेळी आलेल्या कारागिराने टाकीकडच्या व्हॉल्व्हची दांडी खाचेत अडकवून दिली आणि ‘आता पाणी येईल’ असे सांगून तो गेला. पाणी आलेही. पण दांडीने उघडलेल्या या व्हॉल्व्हचा मायक्रोस्विच दाबला जात नव्हता, त्यामुळे टाकी स्वतःसाठी बॉयलर बोलावू शकत नव्हती. घर तापवण्यासाठी रेडिएटर चालू झाले की टाकीही त्यांच्यासोबत तापायची. उन्हाळ्यात टाकीतला विजेचा हीटर वापरून त्यांनी काम भागवले. टाकीवरचा थर्मोस्टॅट या काळात निव्वळ शोभेपुरता उरला होता, कारण तो ज्या व्हॉल्व्हला मिटायला सांगायचा तो दांडीने उघडा धरलेला होता. मागच्या हिवाळ्यातही टाकी प्रमाणाबाहेर तापत असणारच. घरच्यांना मात्र पाणी भरपूर गरम येते याचे समाधान होते.

मग या ऑक्टोबरात बॉयलर अवेळी चालू राहू लागला. दुसऱ्या कारागिराने खोलीतला थर्मोस्टॅट बदलला. फरक पडला नाही, तेव्हा त्याने बॉयलरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. त्या बोर्डाची किंमत ऐकून जावई थबकले आणि त्यानंतरच्या त्या पहाटे माझा फोन वाजला.

या दोघांचा कामचुकारपणा मला इथे नोंदवायचा नाही. परंतु दोघांनीही काम आणि वर्दी यांचा वेगवेगळा विचार केला नाही, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. पहिल्याने काम हाताने करून दिले आणि वर्दीची साखळी तुटलेली तशीच सोडली. दुसऱ्याने वर्दी खोटी असू शकते अशी शंकाच घेतली नाही आणि तो साखळीच्या दोन टोकांना, थर्मोस्टॅटला आणि बॉयलरला, दोष देत राहिला.

झाकण न उघडता केलेले निदान

दुसऱ्या दिवशी भाचीने फोन कपाटातल्या फळीवर उभा करून ठेवला आणि आम्ही तपासणी सुरू केली. एकही झाकण उघडायचे नाही, अशी अट मी आधीच घातली होती. हाताचा स्पर्श, दांडीचा जोर आणि कानांना येणारा आवाज एवढीच साधने वापरायची होती, आणि नळीला हात लावताना आधी उलटा हात क्षणभर टेकवून पाहायचा होता.

मुख्य स्विच चालू केला. टायमरवर हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद, खोलीचा थर्मोस्टॅट सर्वांत खाली. बॉयलर पेटला. पंपाकडून येणारी नळी काही मिनिटांत तापली. रेडिएटरकडच्या व्हॉल्व्हच्या पुढची नळी वीतभर अंतरावर गारच राहिली, म्हणजे तो व्हॉल्व्ह मिटलेला होता. टाकीकडच्या व्हॉल्व्हच्या पुढची नळी हात ठेववेना इतकी तापली. तीन लक्षणांपैकी दोन इथेच उलगडली : रेडिएटर गार होते कारण त्यांचा व्हॉल्व्ह चोख मिटलेला होता, आणि टाकी तापत होती कारण तिचा व्हॉल्व्ह दांडीने उघडा धरलेला होता.

मी तिला ती दांडी खाचेतून सोडायला सांगितली. स्प्रिंगने व्हॉल्व्ह मिटवल्याचा हलका घर्र आवाज फोनवरही ऐकू आला. टाकीकडची नळी हळूहळू निवू लागली. धोका टळला, पण बॉयलर बंद झाला नाही. दोन्ही वाटा मिटल्यामुळे पाणी बायपासच्या अरुंद वाटेने फिरू लागले, बॉयलर स्वतःच्या तापमान-मर्यादेला पोहोचून विझे आणि थोड्याच मिनिटांत पुन्हा पेटे.

मग टायमरवर फक्त हीटिंग चालू करून थर्मोस्टॅट वर नेला. रेडिएटरकडच्या व्हॉल्व्हमधून मोटरची घरघर आली, आणि जी दांडी मघापर्यंत जड लागत होती ती आता हातात सैल झुलू लागली. दांडी जड असेल तर व्हॉल्व्ह मिटलेला आणि गिअर स्प्रिंगला धरून आहेत. दांडी सैल असेल तर मोटरने व्हॉल्व्ह आधीच उघडून ठेवला आहे. झाकण न काढता व्हॉल्व्हची खरी स्थिती सांगणारी याहून चांगली खूण या उपकरणावर नाही. हीटिंग बंद केले. परतीचा घर्र आवाज आला, दांडी पुन्हा जड झाली. व्हॉल्व्ह निर्विवादपणे मिटला होता आणि बॉयलर चालूच होता.

वीजकेंद्रात आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवले जात असे की कंट्रोल रूममधला दिवा हा व्हॉल्व्हचा नव्हे, लिमिट स्विचचा असतो. शंका आली की माणूस खाली पाठवून स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्हचा हलणारा दांडा, डोळ्यांनी पाहायचा. भाचीच्या हातातली ती दांडी म्हणजे आमचे स्पिंडल होते. व्हॉल्व्ह मिटलेला असूनही वर्दी ‘उघडा आहे’ अशीच जात होती. मायक्रोस्विच चिकटून बसल्याचे मी तिथेच सांगितले.

शेवटी फक्त गरम पाणी चालू केले. टाकीचा थर्मोस्टॅट मागणी करील एवढी टाकी निवण्यासाठी बरेच पाणी सोडून द्यावे लागले. टाकीकडच्या व्हॉल्व्हमधून काहीही आवाज आला नाही, दांडी जडच राहिली. तिथली मोटर मेलेली होती, किंवा तिला वीज पोहोचत नव्हती. हे ठरवायला मीटर लागणार होता, म्हणून मुख्य स्विच पुन्हा बंद करून आम्ही तिथेच थांबलो. पुढचा कारागीर येईपर्यंतच्या चार दिवसांत टाकीतल्या विजेच्या हीटरवर पाण्याची गरज भागली आणि थंडी त्यांनी गरम कपड्यांवर काढली.

मीटर काय म्हणाला

शनिवारी तिसरा कारागीर आला. हीटिंगच्या तारकामाचा त्याला चांगला अनुभव होता, आणि बॉयलरच्या आत हात घालण्याची पाळी आली असती तर त्यासाठी लागणारी ‘गॅस सेफ’ नोंदणीही त्याच्याकडे होती. इंग्लंडात त्या नोंदणीशिवाय व्यवसाय म्हणून गॅसच्या कामाला हात लावणे हा गुन्हा आहे. फोनवरून एक अनोळखी म्हातारा सूचना करतो, हे त्याने मोकळेपणाने चालवून घेतले, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

त्याची शिस्त पाहून मला वीजकेंद्रातल्या आमच्या परमिट पद्धतीची, म्हणजे वीज तोडल्याची खात्री झाल्यावरच कामाला लेखी परवानगी देण्याच्या रीतीची, आठवण झाली. भिंतीवरच्या स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज काढून त्याने खिशात टाकला. मग टेस्टर एका चालू सॉकेटवर तपासला, जोडणीच्या डबीत वीज नाही याची खात्री केली, आणि पुन्हा त्याच सॉकेटवर जाऊन टेस्टर अजून चालतो आहे ना, हे पाहिले. मेलेला टेस्टर मेलेली तार दाखवतो. म्हणून ही तिसरी पायरी कोणीही गाळू नये.

डबीत दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी तारा एकाच टर्मिनलवर येतात. वीज चालू असताना आणि सगळ्या मागण्या बंद असताना त्या टर्मिनलवर २४० व्होल्टच्या आसपास दाब मिळाला. पण दोघींपैकी कोणती बोलते, हे तसे कळत नाही. फ्यूज काढून रेडिएटरकडच्या व्हॉल्व्हची नारिंगी तार सोडवली, तिचे टोक वेगळ्या कनेक्टरमध्ये झाकून ठेवले आणि वीज पुन्हा दिली. बॉयलर पेटला नाही. जावयांनी मला आनंदाने तेवढेच सांगितले : ‘‘मामा, शांत झाला.’’ ज्या बोर्डासाठी मोठी रक्कम मोजायची तयारी चालली होती, तो पूर्ण निर्दोष होता.

टाकीकडच्या व्हॉल्व्हच्या तपकिरी तारेवर मागणी होताच पूर्ण दाब येत होता, तरी मोटर हलत नव्हती. वीज काढून मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजला, तर मीटरने वाट तुटलेली दाखवली. गुंडाळीच आत कुठेतरी तुटली होती.

किती बदलायचे

दोष निश्चित झाल्यावर खरा विचार सुरू झाला. अशा व्हॉल्व्हमध्ये तीन पातळ्यांवर बदल करता येतो : नुसती मोटर, मोटर-स्प्रिंग-स्विचसकट वरची सगळी डबी, किंवा पितळी अंगासह अख्खा व्हॉल्व्ह. पहिल्या दोन्हींना पाणी काढावे लागत नाही, तिसऱ्याला लागते. मात्र जुन्या बनावटीत डबी आणि अंग एकजीव असते. तिथे डबी काढायला गेलात तर पाण्याची धार कपाटात उडते. नव्या बनावटीच्या झाकणावर ओळखीसाठी एक लहानसा उंचवटा असतो. रेडिएटरकडच्या व्हॉल्व्हवर तो होता, टाकीकडच्यावर नव्हता. म्हणजे एक व्हॉल्व्ह मध्यंतरी कधीतरी बदललेला होता आणि दुसरा घराच्या पहिल्या जोडणीपासूनचा होता.

टाकीकडच्या व्हॉल्व्हला नुसती नवी मोटर लावणे सर्वांत स्वस्त पडले असते. पण झाकण काढल्यावर स्पिंडलच्या मुळाशी हिरवट-पांढरे खार साचलेले दिसले आणि मोटरच्या पत्र्यावरही तोच हिरवा डाग होता. स्पिंडलभोवतीची रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षे पाझरत होती, तो ओलावा मोटरपर्यंत चढला होता, आणि केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेला त्याने खाल्ले होते. नवी मोटरही त्याच मार्गाने गेली असती. तिथे अख्खा व्हॉल्व्ह बदलणे भाग होते, यावर सर्वांचे एकमत झाले.

रेडिएटरकडच्या व्हॉल्व्हबद्दल मात्र माझे आणि कारागिराचे मत जुळले नाही. पाणी काढायचेच आहे तर दोन्ही अंगे एकाच वेळी बदलून टाकावीत, असा माझा आग्रह होता. त्याने काही न बोलता डबीचे स्क्रू सोडले, डबी बाजूला केली आणि उघड्या पडलेल्या स्पिंडलला दोन बोटांनी फिरवून दाखवले. ते मऊपणे फिरत होते, मुळाशी ओलाव्याचा मागमूस नव्हता. चांगल्या चाललेल्या जोडाला पाना लावला तर तिथे नवी गळती निर्माण होऊ शकते, एवढेच तो म्हणाला. ते बरोबर होते. नव्या डबीवर तिथले काम भागले, आणि मीही माझा आग्रह सोडला.

प्रत्यक्ष काम

माळ्यावरच्या टाकीत बॉल कॉकच्या दांडीखाली आडवी लाकडी पट्टी देऊन तो बांधून ठेवला. खाली सर्वांत सखल जागी असलेल्या निचऱ्याच्या नळाला पाइप जोडून पाणी अंगणातल्या जाळीत सोडले. व्हॉल्व्ह वरच्या मजल्यावर असल्यामुळे सगळी व्यवस्था रिकामी करण्याची गरज नव्हती. वरचे रेडिएटर हवा सोडण्याच्या स्क्रूतून शिट्टीसारखा आवाज करत रिकामे झाले, तेव्हा निचरा बंद केला.

त्या पाण्याचा एक पेला भाचीने काचेच्या ग्लासात भरून मला दाखवला. पाणी काळे होते. मी तिला चुंबक आहे का विचारले, तेव्हा तिने नागपुराहून नेलेला, वाघाचे चित्र असलेला फ्रिजवरचा मॅग्नेट पातळ पिशवीत गुंडाळून त्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा पिशवीला काजळासारखी काळी लुकण चिकटली होती. रेडिएटरच्या पोलादातून सुटलेले मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारा लोखंडाचा काळा गंज, ते हेच. हा गाळ व्हॉल्व्हच्या रबरी गोळ्याखाली बसला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पंपातही तो शिरतो. म्हणून पाणी पुन्हा भरताना माळ्यावरच्या टाकीतून गंजरोधक द्रव घालायचे ठरले. प्रत्येक १०० लिटर पाण्याला १ लिटरची बाटली, हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे.

नवा व्हॉल्व्ह मुद्दाम त्याच बनावटीचा आणला होता. त्यामुळे नळ्या कापाव्या लागल्या नाहीत. नळीवरचे पितळी वायसर आणि नट तसेच कामाला आले. एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग धरायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर सगळा पीळ तांब्याच्या नळीवर येतो. प्रवाहाच्या बाणाची दिशा बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर अशी दोनदा पाहिली. तारा सोडवण्याआधी जोडणीच्या डबीचे फोटो घेतले होते आणि प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीवर क्रमांक दिला होता, त्यामुळे नव्या पाचही तारा पाच मिनिटांत जागेवर गेल्या.

मग चूक झाली, आणि ती माझ्या देखत झाली. पाणी भरताना दोन्ही व्हॉल्व्हच्या दांड्या खाचेत अडकवायच्या असतात, कारण नवा व्हॉल्व्ह स्प्रिंगमुळे मिटलेलाच असतो. रेडिएटरकडची दांडी अडकवली गेली, टाकीकडची राहून गेली. सगळे सुरू केल्यावर टाकीकडच्या व्हॉल्व्हची मोटर फिरली, दांडी सैल झाली, बॉयलर पेटला, आणि टाकीकडची नळी गारच राहिली. तासभर आम्ही नव्या व्हॉल्व्हवर संशय घेत बसलो. पण दांडी सैल होती, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा होता, आणि बॉयलर पेटला होता, म्हणजे वर्दीही खरी होती. काम आणि वर्दी दोन्ही ठीक असतील तर अडथळा पाण्यातच असला पाहिजे, हे ध्यानात यायला तेवढा वेळ गेला. टाकीतल्या गुंडाळीच्या वरच्या भागात हवा अडकली होती. रेडिएटरकडची वाट मिटवून पंपाचा सगळा जोर एकट्या टाकीकडे दिला आणि तिथला हवा सोडण्याचा स्क्रू सैल केला. खूप वेळ फसफस होऊन अखेर पाण्याची धार आली आणि नळी तापली.

चाचणी आणि त्यानंतर

चारही स्थिती एकामागून एक तपासल्या : दोन्ही बंद, फक्त हीटिंग, फक्त गरम पाणी, दोन्ही चालू. प्रत्येक वेळी दांडी, नळी आणि बॉयलर या तिन्हींची साक्ष जुळते का, हे जावयांनी कागदावर टिपले. तिन्हींपैकी एकही साक्ष वेगळी पडली असती तर कारागिराला सोडायचे नाही, असे ठरले होते. टाकीचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला. त्याहून खाली गेल्यास फुप्फुसांचा गंभीर आजार देणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंना आळा बसत नाही, पण ६० अंशांचे पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत पोळते, म्हणून टबाच्या नळाआधी गरम-गार पाणी आपोआप मिसळून देणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवून घ्या, असे मी जावयांना निक्षून सांगितले. इंग्लंडात नव्या घरांतल्या टबासाठी २०१० च्या नियमांपासून ४८ अंशांची कमाल मर्यादा आहे. जुन्या घराला ती सक्तीची नसली तरी त्या घरातले मूल वेगळ्या कातडीचे नसते. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो बसवून घेतला.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला भाचीने मराठीत एक चिठ्ठी लावली आहे : ‘दांडी खाचेत फक्त पाणी भरताना. नंतर सोडणे.’ कारागिरांसाठी खाली तेच इंग्रजीतही लिहिले आहे.

फेब्रुवारीत ती नागपूरला आली तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे दोन्ही जुने भाग सामानातून घेऊन आली. मायक्रोस्विच मी धारदार सुरीने कापून उघडला आणि भिंगाखाली धरला. स्प्रिंगवरचा संपर्क-बिंदू स्थिर बिंदूला वितळून चिकटला होता, मोहरीहून लहान असा काळपट मणी तयार झाला होता. बॉयलर आणि पंप दोघांचाही प्रवाह त्या एका बिंदूतून जात होता, आणि पंप सुरू होताना दर वेळी तिथे ठिणगी पडत होती. सुरीचे टोक घालून किंचित जोर दिला, तेव्हा तो टक् आवाज करून सुटला. दुसऱ्या मोटरची गुंडाळी उलगडली तर बाहेरून तिसऱ्या थरात तार हिरवी पडून तुटलेली सापडली. गिअर मात्र अजूनही बोटाने सुरळीत फिरत होते.